कात्रीत सापडलेला संसार

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरातली कात्री जागेवर सापडत नाही. पूर्वी ती शिवणाच्या डब्यात असायची आणि मी मिशा कापायला चोरून घेतली की सौ. ओरडायची. आता ती कायम सौ.च्या हाताशी असते आणि मिशा आपल्या मर्जीने वाढताहेत. सकाळचं वर्तमानपत्र माझ्या हाती येतं ते खिडक्या पाडलेल्या अवस्थेत. परवा अर्थसंकल्पावरचा अग्रलेख वाचत होतो, तर ऐन वित्तीय तुटीपाशी चौकोनी भोक! त्या भोकातून पलीकडे बसलेली सौ. दिसत होती.

"अगं, इथे तूट होती!"

"मागच्या बाजूला सूट होती," ती म्हणाली. "कपड्याच्या पावडरीवर वीस रुपये. तूट काय हो, रोजचीच आहे."

हे कूपनांचं वेड आलं वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून. त्यांनी सौ.ला आधी एक जुना बिस्किटांचा डबा दिला आणि मग दीक्षा दिली. त्या डब्यात आता पाकिटं आहेत. एकावर 'किराणा', एकावर 'साबण वगैरे', एकावर 'संकीर्ण'. प्रत्येक पाकिटात कूपनं मुदतीच्या तारखेप्रमाणे लावलेली. सुपरमार्केटच्या बिलाच्या शेपटीला लटकून येणारं कूपनसुद्धा कापून, सरळ करून ठेवलेलं. आमच्या बँकेच्या क्लिअरिंग विभागात एवढी शिस्त असती, तर मी बावीस वर्षांत निदान एकदा तरी वेळेवर घरी आलो असतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पैशाच्या बाबतीत मत देण्याची मला खोड आहे. "हा सगळा पोरखेळ आहे," असं मी जाहीर केलं. त्यावर सौ. म्हणाली, "असू दे. पण हे कूपन पहिल्यांदा कुणी काढलं आणि त्याला काय मिळालं, ते सांगा बघू. बी.कॉम. ना तुम्ही?"

बी.कॉम.ला ते नव्हतं. सबब पुढचा अभ्यास मला चाळिशी उलटल्यावर करावा लागला.

कूपन हा शब्द मूळचा फ्रेंच. कापणे या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला. म्हणजे कूपन म्हणजे कापलेला तुकडा. गंमत अशी की हा शब्द किराणा दुकानाच्या आधी आमच्या धंद्यात आला. जुन्या काळी सरकारने किंवा रेल्वे कंपनीने कर्जरोखा काढला की त्याच्या कागदाला छोटे छोटे चौकोन जोडलेले असत. एकेका चौकोनावर एकेका हप्त्याचं व्याज आणि तारीख. तारीख उजाडली की धनिकाने कात्री घ्यायची, चौकोन कापायचा आणि तो देऊन व्याज मोजून घ्यायचं. इंग्रजीत 'कूपनं कापणारा' म्हणजे बसून खाणारा श्रीमंत माणूस. रोख्याच्या व्याजदराला आम्ही आजही 'कूपन रेट' म्हणतो. कागद गेला, चौकोन गेले, कात्रीही गेली. (आमची कुठे गेली ते वर सांगितलंच आहे.) तेव्हा सौ.च्या हातात जे आहे ते वंशपरंपरेने सावकाराचं हत्यार आहे, हे तिला सांगायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं नाही.

सावकाराची ही कात्री सामान्य माणसाच्या हाती दिली ती एका सरबतवाल्याने. १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषधवाल्याने एक पेय काढलं, कोका-कोला. लवकरच हा धंदा आसा कँडलर याच्या ताब्यात आला. हाही औषधांचाच व्यापारी. त्याला एक साधी गोष्ट कळली होती: जे कधी प्यायलंच नाही, त्याची तहान कुणाला लागत नाही. म्हणून चिठ्ठ्या निघाल्या. ही चिठ्ठी दाखवा आणि एक ग्लास फुकट प्या! ग्लासाची किंमत पाच सेंट. चिठ्ठ्या टपालाने घरोघर गेल्या, मासिकांतून छापल्या गेल्या. दुकानदाराला कंपनी भरपाई द्यायची, त्यामुळे तोही हसतमुखाने ग्लास भरायचा. १८९४ ते १९१३ या काळात असे सुमारे ८५ लाख ग्लास फुकट दिले गेले, असा अंदाज आहे. मी लगेच गुणाकार केला: सव्वाचार लाख डॉलरचं सरबत! आमच्या शाखाधिकाऱ्यांपुढे असा प्रस्ताव ठेवला असता, तर त्यांनी मला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. पण १८९५ सालीच कँडलर भागधारकांना सांगू शकला, की आपलं पेय अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात मिळतं. पहिला ग्लास फुकट प्यायलेला माणूस दुसऱ्याचे पाच सेंट आपणहून देतो. आमच्या शाळेबाहेरची बोरंवाली पहिलं बोर चाखायला फुकट द्यायची. तिला कँडलर माहीत नव्हता आणि कँडलरला बोरं माहीत नव्हती. पण दोघांचं अर्थशास्त्र एकच.

पुढे सी. डब्ल्यू. पोस्ट नावाच्या गृहस्थाने १८९७ साली 'ग्रेप-नट्स' हे न्याहारीचं धान्य बाजारात आणलं. नावाप्रमाणे त्यात द्राक्षं नाहीत आणि दाणे-बदामही नाहीत. गहू आणि सातू! अशा वस्तूवर सूट द्यावी लागली यात नवल नाही. त्याने एक सेंट कमी करणारं कूपन दिलं, आणि किराणा मालावरच्या कूपनांचं घराणं सुरू झालं. १९३० नंतरच्या मंदीत तर एकेक सेंट मोलाचा झाला आणि अमेरिकेतल्या बायकांनी कात्र्या काढल्या.

पण मला खरी भुरळ घातली ती हिरव्या तिकिटांनी. स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ साली ही काढली. दुकानात सामान घेतलं की दहा सेंटांमागे एक तिकीट मिळायचं. ते घरी नेऊन, जिभेने ओलं करून, वहीत चिकटवायचं. वही भरायला बाराशे तिकिटं. म्हणजे १२० डॉलरचा बाजार आणि बाराशे वेळा जीभ! अशा काही वह्या भरल्या की कंपनीच्या खास दुकानात जाऊन इस्त्री आणा, दिवा आणा, टोस्टर आणा. १९६० च्या सुमारास अमेरिकेचं टपालखातं छापत होतं त्याच्या तिप्पट तिकिटं आपण छापतो, असं ही कंपनी सांगायची. इंग्लंडमध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स याने हीच कल्पना १९५८ साली 'ग्रीन शील्ड' नावाने नेली.

आता हिशेबाचा भाग. तिकिटं दुकानदार कंपनीकडून पैसे देऊन विकत घ्यायचा. ते पैसे तो काय घरून आणणार? ते मालाच्या किमतीतच चढायचे. एका दुकानदाराने तिकिटं ठेवली तेव्हा त्याच्याकडे गर्दी झाली. शेजाऱ्यानेही ठेवली तेव्हा गर्दी वाटली गेली. सगळ्यांनीच ठेवली तेव्हा कुणालाच फायदा उरला नाही, नुसता खर्च उरला. शेवटी १९७७ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने तिकिटं बंद केली आणि सरळ भाव उतरवले. तोवर दोन पिढ्यांनी आपलीच इस्त्री, आपल्याच पैशाने, वर जीभ कोरडी करून, 'फुकट' म्हणून घरी आणली होती.

आमच्या वडिलांना कूपन माहीत नव्हतं. रिबेट माहीत होतं. दोन ऑक्टोबरला खादीवर रिबेट सुरू झालं की ते पिशवी घेऊन खादी भांडारात जायचे आणि एकाच ताग्यातून साऱ्या घराचं कापड आणायचे. वडिलांचा सदरा, माझा सदरा, धाकट्याची चड्डी आणि उरलेल्यात उशीचे अभ्रे. लहानपणी मी उशीवर डोकं ठेवून झोपलो की मी कुठे संपतो आणि उशी कुठे सुरू होते ते कळत नसे. पण वडिलांचं चुकलं नाही. कापड त्यांना घ्यायचंच होतं, ते फक्त ऑक्टोबरपर्यंत थांबायचे.

विकत घेतल्यानंतर पैसे परत देण्याची ही रीत जुनी आहे. इंग्लंडात रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी विणकर आणि इतर कामगार अशा अठ्ठावीस जणांनी २८ पौंडांच्या भांडवलावर एक दुकान उघडलं. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. नफा झाला की ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात तो परत वाटायचा. जाहिरात नाही, इस्त्री नाही, चाटायला काही नाही. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली 'अपना बाजार' उभा केला तो याच सहकाराच्या वाटेने.

आईची गोष्ट मात्र वेगळी. एका साबणाच्या कंपनीने वीस वेष्टनं आणून देणाऱ्याला स्टीलचा डबा कबूल केला होता. आई वर्षभर एकच साबण आणत होती. भर थंडीत आम्हाला दोनदा आंघोळी घालत होती. विसावं वेष्टन मिळालं त्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसून दुकानात गेली. "योजना मागच्या महिन्यात संपली, वहिनी," दुकानदार म्हणाला. आई घरी आली, काही बोलली नाही, आणि वेष्टनं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. पुढे दोन वर्षं लग्नामुंजीत आमच्या घरच्यांना त्या साबणाचा वास यायचा. डब्याची जागा फळीवर तिने आधीच करून ठेवली होती. तिथे मग ती काहीच ठेवत नसे.

कूपन देणाराचा धंदा चालतो तो इथे. १९९२ साली अमेरिकेत तीनशे अब्जांहून जास्त कूपनं वाटली गेली. वापरली गेली शंभरातली दोन-तीन! बाकीची मुदतीनंतर सापडली, नाहीतर धुण्याच्या खिशात विरघळली. जी वापरली जातात त्यांचं चक्क क्लिअरिंग होतं. नील्सन कंपनीने १९५७ साली कूपनांचं क्लिअरिंग हाऊस काढलं. दुकानदारांनी पोत्यांनी पाठवलेली कूपनं मोजायची, वेगळी करायची आणि मालाच्या कंपनीकडून पैसे वसूल करायचे. नंतर हे मोजणं स्वस्त पडावं म्हणून सीमेपलीकडे मेक्सिकोत जाऊ लागलं. कित्येक कूपनांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'रोख किंमत: एका सेंटचा शंभरावा भाग'. तिकिटांच्या काळातल्या काही राज्यांच्या कायद्यांसाठी हे छापावं लागतं. अशी शंभर कूपनं घेऊन एक सेंट मागायला आलेला खातेदार माझ्या खिडकीशी उभा आहे, असं मला हल्ली स्वप्न पडतं.

देणाऱ्याला हरवणारा एकच वीर मला सापडला. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरने वाचलं, की अमुक कंपनीच्या खाद्यपदार्थांच्या दहा पट्ट्या पाठवल्या तर पाचशे मैल विमानप्रवास मिळेल. लवकर पाठवल्या तर हजार. त्याने दुकानं हिंडून सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली: पुडिंगचा कप, पंचवीस सेंट. ३,१४० डॉलरचे १२,१५० कप घेतले. पट्ट्या काढायला माणूसबळ कुठलं? कप त्याने सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि बदल्यात त्यांच्या लोकांनी पट्ट्या सोलून दिल्या. साडेबारा लाख मैल मिळाले, आणि दान केलं म्हणून प्राप्तिकरातही सूट! हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मनोमन नमस्कार केला. भोकाभोकांचं वर्तमानपत्र होतं, तरी.

एवढं ज्ञान घेऊन मी सौ.पुढे बसलो आणि म्हणालो, "त्यापेक्षा दुकानदारांनी ही भानगडच बंद करून भाव कमी करावेत."

पण तेही एकाने करून पाहिलंय. जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीवर रॉन जॉन्सन नावाचा नवा प्रमुख आला. २०१२ साली त्याने कूपनं आणि सेल बंद करून सरळ, रोजचे कमी भाव लावले. गिऱ्हाईक रागावलं. वर्षात विक्री चौथ्या हिश्श्याने घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सनची नोकरी गेली, आणि कूपनं परत आली. हे मी सांगितल्यावर सौ. म्हणाली, "मग! भाजीवाली भावात दोन रुपये कमी करते ते कोण लक्षात ठेवतं? वर टाकलेली कोथिंबीर लक्षात राहते."

तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, मी तुझा हिशेब तपासणार. तिने शांतपणे वही पुढे केली. पहिल्या पानावर एकच ओळ: 'यादी आधी, कूपन नंतर'. डावीकडे महिन्याची यादी, डबा उघडण्यापूर्वी केलेली. यादीत नसलेल्या वस्तूवर कितीही सूट असो, ते कूपन सरळ रद्दीत. आणि शेवटच्या रकान्यात दुसऱ्या दुकानातला भाव. तिथे कूपनाशिवाय स्वस्त असेल तर तिथूनच खरेदी. सहा महिन्यांत वाचलेले रुपये १,८६०. मी दोनदा बेरीज केली. आमच्या बँकेच्या अंतर्गत हिशेबतपासनिसालासुद्धा चूक सापडली नसती. त्याला आमच्यात सापडतात.

"आता तुमचं काढू?" ती म्हणाली.

माझ्या नावावर एकच नोंद होती. मला नऊशेच्या चपला हव्या होत्या. अडीच हजारांच्या खरेदीवर तीनशे रुपये सूट होती. ती पदरात पडावी म्हणून मी चपलांबरोबर एक छत्री, दोन चादरी आणि चार पायपुसणी आणली. शिवाय फोनवरून पैसे भरल्यावर बक्षिसाचं कार्ड आलं, ते बोटाने खरवडलं, तर निघालं 'पुढच्या वेळी नशीब आजमावा'. आमच्या घराला दार एक आहे. पूर्वी पावडरीबरोबर फुकट मिळालेल्या चौदा बादल्यांच्या घरात, जिथे पाणी अर्धा तास येतं, तिथे चार पायपुसण्यांनी काय फरक पडतो, असा युक्तिवाद मी केला. तो फेटाळला गेला.

"ते १,८६० रुपये कुठे आहेत?" मी विषय बदलला. वाचलेला पैसा कधीच कुठे दिसत नाही, असा माझा बँकेतला अनुभव.

"दर महिन्याला रिकरिंगमध्ये भरते. तीनशे दहा."

माझा ऊर भरून आला. "अगं, मग मला दाखवलं का नाहीस? आमच्या शाखेत तुझं खातं आहे आणि मलाच पत्ता नाही?"

"तुमच्या कुठे?" ती कात्री शोधत म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बँकेत. खातं उघडलं की ते स्टीलचा डबा देत होते."

फळीवर पाहिलं. डबा होता.