तळटीप : धारची गादी आणि मैनाबाई
* धारचे दुसरे आनंदराव पवार १८०७ साली वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. घराण्यातल्याच मुरारीरावाच्या कारस्थानांमुळे त्यांनी मांडू गाठले; रामचंद्ररावांचा जन्म तिथला. पुढे बडोद्याच्या गायकवाडांची फौज मदतीला आली आणि मुरारीरावाचा जोर ओसरला. पण बाळराजे अल्पवयातच दगावले. मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचेही नाव रामचंद्ररावच ठेवले आणि शिंदे-होळकरांची संमती मिळवली. धारचा मुलूख ज्यांनी लुबाडला त्यांच्याकडूनच वारसाला मान्यता घेणे, ही आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी मुत्सद्देगिरी. १० जानेवारी १८१९ च्या तहाने गादीला इंग्रजांचे संरक्षण लाभले. — संपादक