चित्रातली लेकरं आणि आपल्या पोरी

राजेरजवाड्यांचा इतिहास पुस्तकांत सापडतो. कष्टकऱ्यांची लेकरं काय खेळत होती, हे मात्र पुष्कळदा चित्रांतून कळतं. म्हणून आज आम्ही चित्रांविषयी बोलणार आहोत.

१५६० साली पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराने एक मोठं चित्र काढलं. ते आज युरोपात, व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेच्या वर मुलं ऐंशीच्या आसपास खेळ खेळताहेत. विकतची खेळणी फारशी नाहीत. पिंपाची कडी, काठ्या, भोवरे, जे हाती लागेल ते. डाव्या कोपऱ्यात दोघीजणी मेंढीच्या घोट्याची हाडं वर उडवून झेलताहेत. म्हणजे आपले सागरगोटेच की!

पुढे स्पेनमधल्या मुरिल्यो नावाच्या चित्रकाराने गरीब मुलं रंगवली. एका चित्रात फाटक्या कपड्यांतली पोरं फासे टाकताहेत. दुसऱ्यात फळं विकणारी एक मुलगी हातावर नाणी मोजते आहे. खेळायच्या वयातच तिच्या हातात घराचा हिशेब आला.

आता आपल्या नागपूरकडे या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल सजवून लेकरं घरोघर जातात, बोजारा मिळवतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हा सण १८०६ साली सुरू केला, असं सांगतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाई. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणायची, डबा वाजवून खिरापत ओळखायची. गाण्यांत सासू असते, दीर असतो, माहेरची ओढ असते. बापाचं शेत मुलाच्या खेळण्यात उतरलं आणि आईचं सासर मुलीच्या गाण्यात.

१ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कारखान्याच्या भोंग्यावर कामगारांच्या घरातला दिवस चालू लागला. आई-बाप दोघंही कामावर गेले, की धाकट्याला सांभाळायचं काम बहुधा मोठ्या बहिणीकडे. शेतमजुरांच्या घरी आजही तेच दिसतं. भाऊ गोट्या खेळतो, बहीण बाळाला कडेवर घेऊन पाहत उभी राहते.

येत्या बैठकीत एक काम करा. गटातल्या आजीबाईंना विचारा: तुम्ही काय खेळत होत्या, आणि खेळ कधी सुटला? सांगतील ते वहीत लिहा, पोरींकडून त्याची चित्रं काढून घ्या. आणि तेवढा वेळ धाकट्याला भावाकडे द्या.