तळ नसलेली किटली : त्रिमितीय मॉडेलिंगचा इतिहास आणि सॉफ्टवेअरची निवड



गेमसाठी तलवार, पेटी, कंदील अशा वस्तू तयार करायच्या आणि त्याच घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढायच्या, तर कोणते सॉफ्टवेअर शिकावे? हा प्रश्न नवशिक्यांना नेहमी पडतो. या पाठात आपण त्याचे उत्तर इतिहासातून शोधू.

पहिला प्रवाह : दिसण्यासाठी आकार

१९७५ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी चहाच्या किटलीचे संगणकीय मॉडेल तयार केले. ते पुढे संगणक-चित्रणाच्या चाचण्यांसाठी जगभर वापरले गेले. गंमत अशी, की मूळ मॉडेलमध्ये किटलीला तळच नव्हता. पडद्यावर तळ दिसत नाही, म्हणून कोणाचे काही अडले नाही. गेममधील वस्तूही याच परंपरेतल्या आहेत. त्या बहुभुजांच्या जाळीने, म्हणजे मेशने, बनतात. बाहेरून नीट दिसणे आणि बहुभुज कमी असणे एवढे तिथे पुरते.

दुसरा प्रवाह : मापासाठी आकार

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. त्यात प्रकाशलेखणीने रेघ काढून ‘या दोन रेघा समांतर ठेव’ अशी अट संगणकाला घालता येत असे. आजची पॅरामेट्रिक कॅड सॉफ्टवेअर याच कल्पनेवर उभी आहेत. एक माप बदलले, की त्यावर अवलंबून असलेला आकार आपोआप बदलतो.

दोन्ही प्रवाह प्रिंटरपाशी भेटतात

चक हल यांना १९८६ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट मिळाले. त्यांच्या थ्रीडी सिस्टिम्स कंपनीची एसटीएल ही फाइल पुढे सर्वत्र रूढ झाली. प्लॅस्टिकची तार वितळवून थर देण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले. त्याआधीच बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा मुक्त प्रकल्प सुरू केला होता. या दोन्हींमुळे प्रिंटर घराघरांत पोचू शकला.

इथे किटलीचा तळ आठवा. प्रिंटरला आत-बाहेर कळावे लागते, म्हणून आकार सर्व बाजूंनी बंद हवा आणि भिंतीला जाडी हवी. शिवाय एसटीएल फाइलमध्ये मापाचे एकक नसते. ब्लेंडरमधला दोन मीटरचा ठोकळा, प्रमाण न बदलता पाठवल्यास, प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिलिमीटरचा होऊ शकतो!

साधन कोणाच्या मालकीचे?

ब्लेंडर हे आधी नेदरलँड्समधील एका ॲनिमेशन स्टुडिओचे अंतर्गत साधन होते. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बंद पडली. तेव्हा टोन रोझेंदाल यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत १,००,००० युरो जमवले. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर मुक्त झाले. याउलट, ऑटोडेस्कने २०२० मध्ये फ्यूजन ३६० च्या विनामूल्य वैयक्तिक परवान्यावर एका वेळी संपादनासाठी खुल्या असलेल्या दहा फाइलींची मर्यादा घातली. साधन चांगले असले, तरी अटी दुसऱ्याच्या हातात असतात. शिकायला घातलेली वर्षे आपली असतात, हे विसरू नका.

मग निवड कशी करावी?

गेमच्या वस्तू हे मुख्य ध्येय असेल, तर ब्लेंडरपासून सुरुवात करा. त्यातून प्रिंटही काढता येते. फक्त बंद आकार, जाडी आणि माप तपासण्याची सवय लावा. झाकण, खाच, स्क्रू असे नेमके बसणारे भाग हवे असतील, तर फ्रीकॅड शिका. अगदी लहान मुलांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे टिंकरकॅड पुरेसे आहे. मात्र एका वेळी एकच धरा. पहिली वस्तू पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअर बदलू नका.

स्वाध्याय : घरातील एक डबी मोजा. तिचे मॉडेल आधी गेमसाठी आणि मग छपाईसाठी करा. दुसऱ्या वेळी काय काय जास्तीचे करावे लागले, त्याची यादी लिहा. त्या यादीवरूनच तुमची निवड ठरेल.