गोंगाट कोणता, आवाज कोणता?

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, सनदा, सरकारी दफ्तरे यांची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते. मीही वर्गात ती ठेवतो. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याचे दफ्तर या यादीत कोठून सापडणार? त्याचे दफ्तर गळ्यात होते. आंबेडकरी जलशाने, भीमगीताने, कव्वालीच्या सामन्याने ते वस्त्यावस्त्यांतून आणि मिलच्या चाळींतून फिरवले. पुढे ते कॅसेटच्या फितीवर उतरले. आता त्या फिती संगणकात उतरवल्या जात आहेत. हे काम तंत्रज्ञाचे आहे, आपल्याला त्यातले काय कळते, असे म्हणून आपण बाजूला झालो तर मोठी हानी होईल. कारण या कामात पदोपदी एक प्रश्न सोडवावा लागतो : आवाज कोणता आणि गोंगाट कोणता? हा निर्णय कोण घेणार?

या प्रश्नाची पार्श्वभूमी यंत्राच्या इतिहासात आहे, आणि नागपूरच्या वाचकाला ती गांधीबागेतून पाहता येईल. येथल्या कापडबाजारात तागे मोजून विकले जातात. ताग्याच्या किनारीवर मिलचे नाव असते, विणकराचे नसते. मध्य प्रांतातील महार समाजाचा जाडेभरडे कापड विणण्याचा जुना धंदा होता. टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि हातमागाची ती बोटे मिलच्या साच्यावर आली. त्याच्याही आधी, १८०४ च्या सुमारास, फ्रान्समधील ल्यों शहरात जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला होता. ताण्याचे कोणते दोरे केव्हा उचलायचे, हे पुठ्ठ्यावरची छिद्रे ठरवू लागली. नक्षीची स्मृती विणकराच्या बोटांतून निघून पुठ्ठ्यात गेली आणि पुठ्ठा मालकाच्या कपाटात गेला. संगणकाचा पूर्वज याच पुठ्ठ्यात शोधला जातो. तेव्हा स्मृती हातापासून वेगळी होते त्या क्षणी ती कोणाच्या ताब्यात जाते, हे विचारणे प्राप्त आहे.

एम्प्रेस मिलचा भोंगा ज्या वर्षी प्रथम वाजला त्याच १८७७ साली अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ बनवला. माणसाचा आवाज पहिल्यांदाच माणसापासून सुटा झाला. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्यानंतर मैफलीतले आणि रंगभूमीवरचे संगीत तबकड्यांवर आले. कोणाचा आवाज जपण्यायोग्य, याचा निर्णय कंपनीने आणि ग्राहकाच्या खिशाने केला. शेतमजुराच्या आणि गिरणी कामगाराच्या खिशात तबकडी नव्हती. १९३० च्या दशकात गावोगाव घुमणारा जलसा स्मरणातून आणि शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांतून टिकला.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये लहान कॅसेट आणली आणि हे चित्र पालटू लागले. चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास वेग. संगीताच्या जाणकारांनी नाक मुरडावे असेच ते यंत्र होते. पण ते स्वस्त होते, आणि मुख्य म्हणजे त्यावर स्वतःचे काही नोंदवता येत होते. १९८० च्या दशकात दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागली. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमपांचे गळे घरात आले. माझ्यासारख्या अनेकांच्या घरात पुस्तकाच्या आधी कॅसेट आली. आमची पहिली शाळा ती.

पण या कॅसेटने हात दिला, स्मृती दिली नाही. सभेत मुद्रित केलेल्या फितीवरून नक्कल, नकलेवरून पुन्हा नक्कल. प्रत्येक नकलेत फितीची सूंऽऽ वाढत गेली आणि गायकाचे, गावाचे, तारखेचे नाव गळत गेले. ताग्याच्या किनारीवर नसलेला विणकर येथेही हरवला.

फितीची ही सूं घालवण्याच्या खटपटीतून एक नाव जगभर पोहोचले : डॉल्बी. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला प्रयोगशाळा काढली. कॅसेटसाठी प्रचारात आलेल्या त्यांच्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे : मुद्रित करताना हळू आवाजातले बारीक, उंच सूर मुद्दाम वाढवायचे, वाजवताना तेवढेच उतरवायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर फितीची सूंही खाली बसते. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे हे नाव आज पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींना मिळाले आहे! पण यातला गंभीर धडा वेगळाच आहे. जी फीत डॉल्बीने मुद्रित झालेलीच नाही, ती वाजवताना डॉल्बीचे बटण दाबले तर सूंबरोबर टाळांची किणकिण आणि तुणतुण्याची तारही बुजते. यंत्राला सूं आणि तुणतुणे यांतला भेद कळत नाही. तो माणसाला करावा लागतो.

आता आजच्या यंत्राकडे येऊ. अ‍ॅनलॉग यंत्रात आवाज विजेच्या सलग चढउताराच्या रूपात वाहतो. डिजिटलमध्ये तो आकड्यांचा होतो, सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापे. या दोन्हींची सांगड जुनी आहे. १९७७ च्या सुमारास इंग्लंडच्या नीव्ह कंपनीच्या नेकॅम यंत्रणेत मिक्सरच्या पट्ट्या संगणकाच्या स्मृतीनुसार मोटारीने आपोआप सरकू लागल्या. १९८० च्या दशकात एसएसएल कंपनीच्या मिक्सरवर प्रत्येक गोल बटण कोठे होते हे पडद्यावर दिसे, पण फिरवावे लागे ते माणसाच्या हातानेच. आता पोलंडच्या वेस ऑडिओसारख्या कंपन्यांची उपकरणे अशी असतात की आवाज खऱ्याखुऱ्या अ‍ॅनलॉग मंडलातून जातो, आणि त्या मंडलातील बटणे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून फिरवली जातात. संगणक उपकरणाला फक्त आकडे धाडतो : इतके वाढव, इतके दाब. एका बाजूला हुकूम आणि स्मृती, दुसऱ्या बाजूला राबणारे मंडल. श्रमविभागणी म्हणून जे मांडले जाते ते प्रत्यक्षात श्रमिकांची विभागणी असते, हे बाबासाहेबांनी जातीविषयी १९३६ मध्येच दाखवून दिले. यंत्राला जात नाही. पण यंत्राला हुकूम कोणी द्यायचा, याला मात्र सामाजिक उत्तर असते.

आपल्या फितींना या सांगडीचा उपयोग काय? फीत हे अ‍ॅनलॉग साधन आहे. ती प्रथम चांगल्या अ‍ॅनलॉग यंत्रावरच नीट वाजली पाहिजे. वाजवणारे हेड फितीवरील मुद्रणाशी तिरके असेल तर उंच सूर तेथेच मरतात, आणि संगणकात ते पूर्णपणे परत आणता येत नाहीत. हेडचा तो बारीक स्क्रू कानाने ऐकत फिरवावा लागतो. त्यानंतरच आकडे. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेचे मार्गदर्शन निदान ४८,००० मापे आणि २४ बिट असे आहे, ९६,००० असल्यास उत्तम. ही पहिली प्रत जशीच्या तशी ठेवायची. तिला कोणी हात लावायचा नाही. ऐकण्यासाठी सुधारलेली प्रत वेगळी करायची. सांगडीचा खरा लाभ येथे आहे : कोणता सूर किती वाढवला, किती दाबला, हे सारे सॉफ्टवेअरमध्ये नोंदले जाते. उद्या दुसऱ्या अभ्यासकाला तो निर्णय तपासता येतो, मोडता येतो, नव्याने करता येतो. इतिहासाच्या शिस्तीत याला पुराव्याची पारदर्शकता म्हणतात.

महागडी उपकरणे आपल्या आवाक्यातली नाहीत, हे खरे. म्हणून अडायचे कारण नाही. संगणकाची स्मृती येण्यापूर्वी स्टुडिओतली माणसे बटणांच्या जागा कागदावर चितारून ठेवत. एक दुरुस्त केलेला टेपडेक, साधा प्रीअ‍ॅम्प, संगणक आणि एक वही एवढ्यावर काम सुरू होते. शाहिरांनी वह्या सांभाळल्या, आपणही सांभाळू. त्या वहीत गायक, वादक, गाव, तारीख, फीत कोणाच्या घरून आली, हेही लिहावे.

सर्वांत मोठा धोका आज शुद्धीकरणाचा आहे. आवाज ‘स्वच्छ’ करणारी सॉफ्टवेअर आता कोणाच्याही हातात आहेत. ती गाणाऱ्या एका गळ्याला ‘आवाज’ मानतात आणि उरलेल्याला गोंगाट. उरलेले म्हणजे काय? मधूनच उठलेला ‘जय भीम’, कडव्याला मिळालेली दाद, मायमाउल्यांच्या मांडीवरची रडणारी पोरे, लांबून येणारी गाडीची शिट्टी. जलशात श्रोता हा गाण्याचा अर्धा भाग असतो. त्याला पुसले तर चळवळ उणे होऊन नुसते गाणे उरते, जे प्रस्थापितांच्या संगीतसंग्रहात सुखाने नांदेल. शुद्धतेच्या नावाखाली आपल्याला एकदा गावाबाहेर काढले गेले. फितीवरूनही काढले जावे काय?

विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. ती पिढी सरत आली आहे. चुंबकीय फितींचे भवितव्य सांगताना जगभरच्या संग्रहपालांनी २०२५ हे वर्ष निर्णायक मानले होते. फिती कुजतात एवढेच त्याचे कारण नव्हते, त्या वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत, हेही होते. तेव्हा महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठीचे विद्यार्थी, आयटीआयमधली इलेक्ट्रॉनिक्सची मुले आणि वस्तीतली गाणारी माणसे यांनी एका टेबलाभोवती बसले पाहिजे. स्क्रू फिरवणारा हात आपला असावा, आणि कोणता सूर ठेवायचा हे ठरवणारा कानही आपलाच असावा.