पाऊस आहे म्हणून वाळत नाही

या घटनाक्रमातलं हॉटेल काल्पनिक आहे. लोणावळ्यात वलवण आणि तुंगार्ली यांच्यामध्ये कुठंही ठेवा. पन्नासेक खोल्या, तळमजल्यावर लॉन्ड्री आणि तिथं गॅसवर चालणारे दोन मोठे ड्रायर. आग मात्र अशीच लागते.

डिसेंबर. फॅब्रिकेटर डक्ट बसवतो. आजवर त्यानं किचनची धुराडी केली, तोच हात इथं. ड्रायरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की डक्ट आखूड हवा, आतून गुळगुळीत हवा, वळणं कमी हवीत; काही उत्पादक साधारण 14 फूट आणि दोन बेंड यापुढं जाऊच देत नाहीत. मालकांना दर्शनी बाजूला पाइप नको. त्यामुळं डक्ट फॉल्स सीलिंगवरून मागच्या भिंतीपर्यंत जातो: 40 फूट, पाच बेंड. प्रत्येक जोडाला पत्र्याचे स्क्रू, त्यांची टोकं आत. तोंडाला बारीक जाळी, कबुतरं शिरू नयेत म्हणून. किचनच्या डक्टला जाळी खपून जाते. ड्रायरच्या डक्टमधून वाफेबरोबर कापसाची लव येते, आणि तिला अडकायला स्क्रूचं टोक पुरतं, जाळी तर फारच झाली.

जूनअखेर. पाऊस लागतो. जाळीवरची लव भिजून कागदाच्या लगद्यासारखी थापली जाते. चादरी वाळायला 35 मिनिटं लागायची, आता 50. डक्ट तुंबल्याची पहिली खूण हीच. पण लोणावळ्यात जुलैमध्ये काहीतरी वाळत नाही, ही तक्रार कोण ऐकणार?

"दादा, टॉवेल ओलेच निघतायत."

"अरे, बाहेर बघ की. आपल्या घरी तरी काय वाळतंय?"

जुलै, शुक्रवार. ड्रायर अधूनमधून बर्नर बंद करतो. हवा पुरेशी वाहत नसेल तर गॅस तोडणारा स्विच आपलं काम चोख करतोय. इलेक्ट्रिशियन येतो, तो स्विच वगळून वायर 'डायरेक्ट' करतो, चहा पिऊन जातो. सगळे खूश. माझ्या मते हॉटेल जळालं ते इथंच. पुढचे दोन दिवस नुसती औपचारिकता.

रविवार, सकाळी 11. चेकआउट. भुशी धरणावर भिजून आलेल्यांचे टॉवेल, चिखलाच्या चादरी, सगळं एकदम खाली येतं. संध्याकाळी एका कंपनीची पार्टी उतरणार आहे.

दुपारी 2. एक घाणा 70 मिनिटांवर गेलाय. ड्रायरमधली लव अडवणारी जाळी वरचेवर साफ करायची असते. आज कुणाला सवड नाही. पावसाचे सपकारे आत येतात म्हणून खिडक्याही लावून घेतल्यात. ड्रायर जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी खोलीत यायला हवी. ती येणार कुठून?

4:30. ड्रायरचा वरचा पत्रा हात लावू देत नाही. जळका वास. इस्त्रीचा असेल.

5:20. बर्नरजवळ साठलेली लव तांबूस होते. एक ठिणगी ड्रममधून जाते आणि पंखा तिला डक्टमध्ये ओढतो. तिसऱ्या बेंडला ती टेकते.

5:24. डक्ट आतून पेटलाय. पंखा चालूच आहे, म्हणजे भाता चालू आहे. जोडांवरची कापडी टेप सुटते, ज्वाळा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, थर्मोकोलवर.

5:27. लॉन्ड्रीतला पोरगा धूर बघून ड्रायरचं दार उघडतो. ड्रममधल्या टॉवेलांना हवा मिळते. दार बंद ठेवून गॅसचा कॉक आणि मेन स्विच बंद करायचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

5:31. वरच्या कॉरिडॉरमध्ये धूर. पाहुणे बॅगा घ्यायला परत खोल्यांत.

5:35. अग्निशमन दलाला फोन. रविवारची संध्याकाळ, जुन्या हायवेवर मुंबईकडं परतणाऱ्या गाड्यांची रांग, आणि बंब तिच्यात.

6:10. फॉल्स सीलिंग कोसळतं. डक्टचे तुकडे खाली येतात. बेंडांमध्ये लव काळी, घट्ट, स्क्रूंना धरून बसलेली.

सोमवार. प्राथमिक अंदाज: शॉर्ट सर्किट.