विभक्त राहणारे कुटुंब आणि कायद्याचा सल्ला

पती-पत्नींनी एकत्र नांदावे, ही ख्रिस्तसभेची अपेक्षा आहे. तथापि एका जोडीदाराच्या वर्तनामुळे दुसऱ्याच्या वा मुलांच्या आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल, तर विवाहबंध कायम राखून विभक्त राहण्यास १९८३ च्या ख्रिस्तसभा कायदासंहितेचे कलम ११५३ आधार देते. लगेचचे कलम मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद करण्यास बजावते. वेगळे राहणे म्हणजेच पाप, असा समज काही घरांत आजही आढळतो व त्यापायी मारहाण निमूटपणे सोसली जाते. हा समज चुकीचा आहे.

नागरी कायद्यात यास न्यायिक विभक्तता म्हणतात. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या कलम २२ नुसार व्यभिचार, क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग या कारणांवरून ती मागता येते. तिच्यामुळे विवाह संपुष्टात येत नाही.

सल्ला वेळीच का घ्यावा, याचे एक कारण फारसे कोणास ठाऊक नसते. पुष्कळदा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, 'आम्ही परस्परसंमतीने वेगळे राहत आहोत' असे कागदावर लिहून सह्या घेतात आणि वाद मिटला असे मानतात. हेतू चांगला असतो. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते) परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी त्या कलमाखाली पोटगीस पात्र ठरत नाही. असा कागद पुढे तिच्याविरुद्ध दाखवला जाऊ शकतो. मुलांचा पोटगीचा हक्क मात्र त्याने बुडत नाही. सही करण्यापूर्वी मसुदा वकिलाच्या नजरेखालून जावा, तो यासाठी.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करावा. घर पतीच्या नावावर आहे म्हणून पत्नीस बाहेर काढता येत नाही; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १७ तिला तेथे राहण्याचा हक्क देते. मुलांच्या ताब्याबाबत न्यायालय मुलाचे हित सर्वोपरी मानते, आणि समेटाची शक्यता दिसल्यास कौटुंबिक न्यायालयाने प्रथम त्यासाठी प्रयत्न करावयाचा असतो.

धर्मप्रांतीय न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरविला म्हणजे नागरी विवाहही संपला, असे काही भाविक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने क्लॅरेन्स पायस खटल्यात २०१७ साली हे अमान्य केले. पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्यांनी दोन्हीकडचे निर्णय हाती आल्याशिवाय तारीख ठरवू नये.