बर्फ आणि बेसबॉल

ओहायोत फेब्रुवारीत बर्फ उपसून आमची पाठ मोडते, आणि नेमका तेव्हाच कॉलेज बेसबॉलचा मोसम सुरू होतो. २००८ पूर्वी सगळ्यांना मिळून एकच तारीख नव्हती. दक्षिणेतले संघ आधीच मैदानात उतरायचे. उत्तरेतली पोरं छपराखाली सराव करत बसायची. २००८ साली एनसीएएने सर्वांना एकाच दिवशी सुरुवात करायला लावली. म्हटलं, चला, न्याय झाला!

पण तारीख सारखी झाली, हवा नाही. उत्तरेचे संघ अजूनही पहिले काही आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून खेळतात. शुक्रवार, शनिवार, रविवार ओळीने सामने, म्हणजे सुरुवात करायला तीन पिचर हवेत. खांदे अजून तयार नसतात, त्यामुळे प्रशिक्षक त्यांना मोजकेच चेंडू टाकू देतात आणि उरलेला सामना राखीव पिचरांच्या गळ्यात पडतो.

त्या पराभवांवरून मी संघाला लगेच मोडीत काढायचो. पण १९६६ साली ओहायो स्टेट विजेते होते, आणि २०१९ साली मिशिगन अंतिम फेरीपर्यंत पोचून व्हँडरबिल्टकडून हरले. म्हणजे बर्फातली पोरंही तिथवर जातात. आता मार्च संपेपर्यंत मत द्यायचं नाही असं ठरवलंय. तोवर फावडं आहेच हातात. असो.